डाउनलोड, सीडी की रेकॉर्ड? आवाजाचा दर्जा स्वतः कसा तपासायचा

"सीडीचा आवाज डाउनलोडपेक्षा चांगला असतो का?" गाणी जमवायला नव्याने सुरुवात केलेला प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो आणि त्याला दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक जण सांगतो, रेकॉर्डला तोड नाही. दुसरा सांगतो, सगळं सारखंच आहे, उगाच खर्च करू नका. दोघंही मनापासून बोलत असतात. पण कोणतं डाउनलोड आणि कोणती सीडी, हे दोघांपैकी कुणीच विचारलेलं नसतं.

मी हे सगळं चुकत चुकत शिकले. घरातल्या सगळ्या सीडी एकदा कॉम्प्युटरवर उतरवल्या, त्याही १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट; यालाच बिटरेट म्हणतात) एमपी३मध्ये. हार्ड डिस्क लहान होती आणि तेव्हाच्या साध्या स्पीकरवर मला काही फरक जाणवला नव्हता. मग सीडी देऊन टाकल्या. काही वर्षांनी चांगला हेडफोन घेतला, एक आवडती मैफल लावली आणि गाणं संपल्यावरच्या टाळ्यांपाशी थबकले. त्या टाळ्या वाटतच नव्हत्या. पत्र्यावर वाळू ओतावी तसा एकसलग सळसळाट येत होता. मूळ सीडीवर पुढच्या रांगेतल्या माणसाची टाळी वेगळी ऐकू यायची, ते मला नीट आठवत होतं. त्यातल्या काही सीडी परत मिळवता आल्या, काही कायमच्या गेल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे क्रमवार लिहिते आहे.

सुरुवातीलाच तीन गोष्टी मनात वेगळ्या करून ठेवा: रेकॉर्डिंगचा कोणता मास्टर (बाजारात जाणारी शेवटची तयार आवृत्ती) वापरला आहे, तो कशात साठवला आहे, आणि तुम्ही तो कशातून ऐकता. सगळे वाद मधल्या गोष्टीवरून होतात. माझ्या अनुभवात मात्र सर्वांत मोठा फरक पहिलीने पडतो, त्याखालोखाल तिसरीने. बिटरेट फारच कमी नसेल, तर मधलीचा नंबर शेवटी लागतो.

हाताशी काय हवं

- कॉम्प्युटर आणि सीडी वाचणारा ड्राइव्ह (बाहेरून जोडायचा साधा ड्राइव्हही चालतो)
- वायरचा एक बरा हेडफोन; महागडा नको, पण कान पूर्ण झाकणारा असावा
- ऑडॅसिटी (आवाजाची लाट दाखवणारं) आणि स्पेक (वारंवारतांचं चित्र दाखवणारं), ही दोन मोफत सॉफ्टवेअर
- विंडोजवर फूबार२००० (गाणी वाजवायला) आणि एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी (सीडी उतरवायला). मॅकवर सीडी उतरवायला एक्सएलडी
- तुम्हाला तोंडपाठ असलेला एखादा अल्बम, शक्यतो दोन स्वरूपांत: सीडी आणि डाउनलोड
- फाइली ठेवायला दोन वेगळ्या हार्ड डिस्क

१. हातातली फाइल नेमकी कोणती आहे ते बघा

"डाउनलोड" हे कुठल्याही एका दर्जाचं नाव नाही. फूबारमध्ये फाइल उघडून तिचे तपशील बघा. कोडेक (आवाज साठवण्याची पद्धत), बिटरेट, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) आणि बिट डेप्थ (एक नमुना किती बिटचा) या चार गोष्टी वाचायच्या.

मोजमापाला सीडी धरा, कारण तिचं माप ठरलेलं आहे. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ते ठरवलं आणि १९८२ साली सीडी बाजारात आली. दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. याचा हिशोब १,४११ केबीपीएस होतो, म्हणजे एका मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये तेच एक मिनिट २.४ एमबीत बसतं आणि १२८च्या एमपी३मध्ये जेमतेम एक एमबीत.

फ्लॅक आणि अलॅक हे लॉसलेस फॉरमॅट आहेत. यांत फाइल लहान होते, बहुतेक वेळा सीडीच्या निम्म्या ते दोन तृतीयांश आकाराची, पण आवाजातलं काहीही टाकलं जात नाही. कागदपत्रं झिप करून पाठवली आणि उघडली, तर एकही अक्षर गळत नाही, तसंच हे. सीडीवरून नीट उतरवलेली फ्लॅक फाइल वाजवताना उलगडते तेव्हा प्रत्येक नमुना सीडीवर होता तोच मिळतो. म्हणून त्याच मास्टरची सीडी आणि त्याच मास्टरचं लॉसलेस डाउनलोड यांत कोणता आवाज चांगला, हा प्रश्नच उरत नाही. दोन्हींत तेच आकडे असतात.

इथे लोक हमखास अडकतात ते सांगते. "एम४ए" या शेपटीच्या फाइलमध्ये एएसी असू शकतं (ते आवाजातलं काही टाकून देतं) किंवा अलॅक असू शकतं (ते काहीच टाकत नाही). शेपटीवरून ठरवू नका, कोडेक वाचा. दुसरं, स्ट्रीमिंग अ‍ॅपमधलं "डाउनलोड" आणि विकत घेतलेलं डाउनलोड वेगळं. अ‍ॅपमधली फाइल अ‍ॅपपुरतीच असते आणि तिचा दर्जा सेटिंगवर अवलंबून असतो. डाउनलोडचा दर्जा आणि थेट ऐकण्याचा दर्जा यांची सेटिंग बहुतेक अ‍ॅपमध्ये वेगवेगळी असतात. एक वाढवलं म्हणून दुसरं वाढत नाही. दोन्ही तपासा.

जुन्या खरेद्याही एकदा बघून घ्या. आयट्यून्स स्टोअर २००३मध्ये सुरू झालं तेव्हा तिथली गाणी १२८ केबीपीएसच्या एएसीमध्ये मिळत, तीही कुलूपबंद. बिनकुलपाची २५६ केबीपीएसची गाणी २००७पासून यायला लागली. डाउनलोडचा आवाज वाईट, हा समज बराचसा त्या काळातला आहे, आणि त्या काळापुरता तो रास्तही होता.

२. एमपी३ काय काढून टाकतं ते कानाने ओळखायला शिका

एमपी३ आणि एएसी कानाच्या एका मर्यादेचा फायदा घेतात. मोठ्या आवाजाशेजारी त्याच पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तो झाकला जातो. एन्कोडर, म्हणजे फाइल दाबून बनवणारं सॉफ्टवेअर, असे झाकले जाणारे आवाज शोधतो आणि त्यांच्यावर कमी बिट खर्च करतो. बिटरेट पुरेसा असला की हे काम इतकं बेमालूम होतं की कळत नाही. तो कमी पडला की न झाकलेलेही आवाज कापावे लागतात आणि मग कानाला खटकायला लागतं.

खटकतं कुठे? बहुतेक लोक गायकाच्या आवाजात फरक शोधतात आणि तो सापडला नाही की सगळं ठीक आहे असं समजतात. गळ्यात बघू नका, या तीन जागा बघा.

टाळ्या आणि पाऊस. हजारो बारीक, वेगळे, बेशिस्त आवाज एकाच वेळी. एन्कोडरसाठी याहून कठीण काही नाही. माझ्या मैफलीतल्या टाळ्यांची वाळू झाली ती यामुळेच.

टाळ, झांजा आणि ड्रमवरच्या थाळ्या. कमी बिटरेटवर त्यांची झणझण पाण्याखालून आल्यासारखी लागते, मधेच विरते, मधेच उसळते. तंबोऱ्याचा झंकारही असाच बघावा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो सरळ वाहतो, खराब फाइलमध्ये त्याला बारीक थरथर येते.

अचानक पडणारी थाप. एमपी३ आवाज छोट्या तुकड्यांत हाताळतं आणि त्या तुकड्यातली चूक तुकडाभर पसरते. त्यामुळे शांततेतून एकदम पडणाऱ्या ठोक्याच्या किंचित आधी एक पुसट "फ्स" ऐकू येतो. ठोक्याची धार बोथट वाटते ती त्यामुळे.

माझं मत विचाराल तर: १२८चं एमपी३ टाळा. १९२ला बरंचसं निभावतं, पण वर सांगितलेल्या तीन जागी पकडता येतं. २५६चं एएसी किंवा ३२०चं एमपी३ चांगल्या एन्कोडरने केलेलं असेल, तर ते सीडीपासून वेगळं ओळखणं बहुतेकांना जमत नाही, आणि मलाही मोजक्याच जागी जमतं. तरीही जपून ठेवायची प्रत लॉसलेसच असावी. एमपी३वरून दुसरं एमपी३ केलं की आधीच कापलेल्यावर पुन्हा कात्री चालते. लॉसलेस प्रत जवळ असली की तिच्यावरून पाहिजे तेव्हा पाहिजे ती लहान फाइल करता येते.

३. खोटी लॉसलेस फाइल ओळखा

फाइलवर फ्लॅक लिहिलंय म्हणजे आत फ्लॅकच्या तोलाचा आवाज असेलच असं नाही. कुणीतरी एमपी३ घेऊन तिची फ्लॅक केलेली असू शकते. फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. व्हिडिओच्या साइटवरून काढलेल्या आणि "३२० केबीपीएस" असा शिक्का मारलेल्या फाइलींचंही तेच. मूळ ध्वनी बऱ्याच कमी बिटरेटचा असतो, नंतर नुसता आकडा वाढवलेला असतो.

स्पेक उघडा आणि फाइल त्यात ओढून टाका. एक रंगीत चित्र दिसेल: आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष वारंवारतेचा. खऱ्या सीडी-दर्जाच्या फाइलमध्ये रंग वरपर्यंत, म्हणजे २१-२२ किलोहर्ट्झपर्यंत, हळूहळू विरत जातो. १२८च्या एमपी३वरून केलेली असेल तर १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने रेघ मारल्यासारखा तो कापलेला दिसतो आणि वर सगळा काळोख असतो. ३२०चं एमपी३ साधारण २० किलोहर्ट्झपाशी कापलेलं असतं.

पण घाईने निकाल देऊ नका. जुन्या ध्वनिमुद्रणांत मुळातच वरच्या वारंवारता कमी असतात. तिथे रंग विरळ होत संपतो, कापलेला दिसत नाही. एकट्या बासरीचं गाणं असेल तरी वरचा भाग रिकामा दिसू शकतो. सरळ, कडक, सगळ्या गाण्यांत एकाच उंचीवरची रेघ दिसली तरच संशय घ्या, आणि एकाच गाण्यावरून ठरवू नका, अल्बममधली तीन-चार तपासा.

"हाय-रेझ" (सीडीपेक्षा मोठ्या मापाची) म्हणून विकलेल्या ९६ किलोहर्ट्झच्या फाइललाही हीच परीक्षा लावा. २२ किलोहर्ट्झच्या वर अख्खा पट्टा कोरा असेल, तर ती बहुधा सीडीचीच फाइल आहे, मोठ्या डब्यात भरलेली.

४. मास्टर कोणता ते शोधा

इथे जास्त वेळ द्या. तुम्हाला जो फरक ऐकू येतो तो बहुतेक वेळा इथलाच असतो.

स्टुडिओतलं मिश्रण तयार झालं की ते बाजारात जाण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवला जातो, त्याला मास्टरिंग म्हणतात. एकाच अल्बमचे वर्षानुवर्षांत चार-पाच मास्टर निघालेले असतात: पहिल्या रेकॉर्डचा, पहिल्या सीडीचा, "रीमास्टर्ड" आवृत्तीचा, हाय-रेझ डाउनलोडचा. गाणं तेच, पण आवाजाची घडण वेगळी. आणि १९९०च्या दशकापासून एक रोग बळावत गेला: प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा मोठ्याने वाजली पाहिजे. डिजिटल आवाजाला वर छत असतं, त्यापलीकडे जाता येत नाही. मग मोठं करायचं कसं? टोकं दाबायची आणि बाकी सगळं वर उचलायचं. त्यामुळे हळू आणि जोरात यांतलं अंतर मरतं. ठोका पडतो, पण धक्का देत नाही. दहा मिनिटांत कान थकतात आणि कारण कळत नाही.

हे डोळ्यांनी दिसतं. मी स्वतः पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकाच गाण्याच्या दोन फाइली ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवल्या होत्या: जुन्या सीडीवरून उतरवलेली आणि नंतर विकत घेतलेलं "रीमास्टर्ड" डाउनलोड. वरच्या फाइलीची लाट मोकळी होती. कडव्यात अंगाशी बसलेली, ध्रुपदाला फुललेली, तबल्याच्या प्रत्येक थापेला एक उंच काटा. खालची फाइल म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक निळा ठोकळा, कातरून सपाट केलेल्या कुंपणासारखा. झूम केलं तर टोकं गोल नव्हतीच, वर सरळ कापलेली होती. डाउनलोडचं बिटरेट उत्तम होतं, स्पेकमध्ये काही दोष नव्हता. ती फाइल खरोखर लॉसलेस होती. बिघडलेला आवाज तिने जसाच्या तसा जपला होता.

तेव्हा हे करा. अल्बमची पहिली सीडी कोणत्या वर्षी आली आणि तुमच्या हातातली आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे ते कव्हरवर बघा. "रीमास्टर्ड" हा शब्द वाचून लगेच खूश किंवा नाराज होऊ नका. मूळ टेपवरून काळजीने केलेले रीमास्टर अप्रतिम असतात, आणि सीडीच्या सुरुवातीच्या वर्षांत मिळेल त्या चौथ्या-पाचव्या प्रतीवरून काढलेल्या सीडीही आहेत. दोन्ही फाइली ऑडॅसिटीत टाका, लाट बघा, मग ऐका.

फूबारला डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू-जोरातलं अंतर, मोजणारं जोडसॉफ्टवेअर मिळतं. ते प्रत्येक गाण्याला एक आकडा देतं, आकडा मोठा तेवढी मोकळीक जास्त. एकाच गाण्याच्या दोन डिजिटल आवृत्त्यांची तुलना करायला ते उपयोगी आहे. रेकॉर्डवरून घेतलेल्या फाइलीवर मात्र त्याचा भरवसा धरू नका. तोच दाबलेला मास्टर रेकॉर्डवर कापून परत डिजिटल केला, तर लाटेची टोकं थोडी वरखाली होतात आणि आकडा वाढलेला दिसतो, आवाज तसाच दाबलेला राहतो. बघा, रेकॉर्डमध्ये जास्त डायनॅमिक्स आहेत, असं म्हणून हे आकडे दाखवले जातात आणि नवीन माणूस फसतो.

५. रेकॉर्ड आणि कॅसेट काय देतात, काय देत नाहीत

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड १९४८ची. तिच्या खाचेत खालचे सूर पूर्ण जोराने कापले तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल, म्हणून कापताना खर्ज कमी करतात आणि वरची पट्टी वाढवतात. वाजवताना रेकॉर्डचा सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प त्याचं बरोबर उलटं करतो. १९५४पासून यासाठी एकच ठरलेलं वळण आहे, आरआयएए. नवा रेकॉर्ड प्लेअर घेतल्यावर आवाज बारीक आणि पोकळ येत असेल, तर बहुधा तुम्ही तो फोनोऐवजी साध्या लाइन इनपुटला जोडला आहे. आवाज गुदमरलेला, घुमणारा आणि फाटलेला येत असेल, तर प्लेअरच्या आतला प्रीअ‍ॅम्प आणि अ‍ॅम्प्लिफायरमधला प्रीअ‍ॅम्प दोन्ही चालू आहेत. प्लेअरच्या मागे छोटं बटण असतं, एक प्रीअ‍ॅम्प बंद करा. रेकॉर्डचा आवाज आवडला नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं दुखणं एवढंच असतं.

आकड्यांत बोलायचं तर सीडीला हळू-जोराचा ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. चांगल्या रेकॉर्डलाही ७०च्या वर जाणं अवघड, कारण खाली खरखर असते. शिवाय सुई आत सरकत जाते तसा आवाज उतरतो. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर धावते, लेबलजवळ येईपर्यंत ती २० वर येते. फेऱ्या तेवढ्याच, पण घेर लहान. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं थोडं फाटल्यासारखं लागतं, विशेषतः "स" आणि "श"वर.

मग रेकॉर्ड लोकांना इतकी का आवडते? मलाही आवडते. कित्येकदा रेकॉर्डसाठी वेगळा, कमी दाबलेला मास्टर बनवलेला असतो आणि तो खरंच सुंदर वाजतो. शिवाय तिच्या विकृतीचा पोत कानाला सुखावतो, हेही खरं. एवढंच करू नका की नवी रेकॉर्ड घेताना ती आपोआप डाउनलोडपेक्षा चांगली असेल असं गृहीत धरायचं. पुष्कळ नव्या रेकॉर्ड डिजिटल फाइलवरूनच कापलेल्या असतात.

कॅसेट १९६३ची, फिलिप्सची, मुळात बोलणं टिपायला केलेली. टेप सेकंदाला अवघी ४.७६ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे हिस (टेपचा सततचा सळसळाट) आणि वरच्या पट्टीची ओढाताण आलीच. तुमच्याजवळ एखादं गाणं फक्त कॅसेटवर असेल, तर ते आजच उतरवा. आधी टेप वाचणारं हेड साफ करा. आवाज मंद लागत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून तो सर्वांत खुला येईल तिथे ठेवा. हिस कमी करणाऱ्या डॉल्बीची खूण कॅसेटवर असेल तरच डॉल्बी चालू करा, नसताना चालू केली तर उरलीसुरली चमकही जाते.

६. सीडी नीट उतरवून घ्या

सीडी जवळ असेल तर सर्वांत चांगलं डाउनलोड तुम्ही स्वतःच करू शकता. उतरवून घेण्याबाबतचे हक्काचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेवढे बघून घ्या.

- सीडी पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. ट्रॅक गोल जातो. त्याच्या दिशेने पडलेला लांब ओरखडा सीडीला सावरता येत नाही, आडवा छोटा ओरखडा सावरता येतो. चुका दुरुस्त करणारी जोडमाहिती सीडीवरच असते आणि ट्रॅकवरची सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची गळती ती पूर्ण भरून काढते.
- लेबलची बाजू जास्त जपा. चमकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा थेट त्यालाच लागतो.
- एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी सुरक्षित मोडमध्ये ठेवा. ती खात्री होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचते. नंतर अ‍ॅक्युरेटरिप तुमचा निकाल त्याच सीडीच्या इतरांनी नोंदवलेल्या निकालांशी ताडून बघतं. जुळलं की प्रत बिनचूक.
- फॉरमॅट फ्लॅक ठेवा. फ्लॅकचे शून्य ते आठ हे स्तर दर्जाचे नसतात, फक्त फाइल किती लहान करायची याचे असतात. पाच पुरे.
- १९८०च्या दशकातल्या काही सीडी वरची पट्टी मुद्दाम वाढवून काढलेल्या आहेत. प्लेअर ती खूण ओळखून वाजवताना पट्टी खाली आणतो. कॉम्प्युटरवर उतरवल्यावर ते आपोआप होत नाही आणि गाणं कर्कश लागतं. जुनी सीडी प्लेअरवर गोड आणि फाइलमध्ये टोचरी वाटली तर हे तपासा. हा प्रकार प्री-एम्फसिस या नावाने ओळखला जातो.

७. तुलना करा, पण आवाजाची पातळी सारखी करून

दोनपैकी एक आवाज किंचित मोठा असला, तर तो मोठा आहे असं कानाला कळत नाही, तो चांगला आहे असं वाटतं. एका डेसिबलचा फरकही यासाठी पुरतो. म्हणून ऐकण्याआधी फूबारमध्ये रिप्लेगेन (गाण्यांची पातळी मोजून सारखी करणारी सोय) मोजून चालू करा, पातळी जुळते.

मग फूबारचं एबीएक्स हे जोडसॉफ्टवेअर घ्या. ते तुम्हाला ए, बी आणि एक अनोळखी एक्स ऐकवतं. एक्स म्हणजे ए की बी, ते तुम्ही सांगायचं. १६ वेळा करा. १२ किंवा जास्त वेळा बरोबर आलं, तर ते नुसत्या अंदाजाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तुम्हाला फरक खरोखर ऐकू येतोय. आठ-नऊ बरोबर आले तर तुम्ही नाणं उडवताय. ए म्हणून मूळ फ्लॅक घ्या आणि बी म्हणून तिच्यावरूनच स्वतः केलेलं एमपी३. दुकानातून घेतलेलं एमपी३ घेऊ नका, त्याचा मास्टर वेगळा असला तर तुम्ही मास्टर ओळखाल आणि फॉरमॅट ओळखला असं समजाल.

हाय-रेझवर खर्च करण्याआधी एक प्रयोग माहीत असू द्या. मेयर आणि मोरान यांनी २००७मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तो छापला. सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या मापातून काढून ऐकवला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे निम्मे. २४ बिटचं माप रेकॉर्डिंग करणाऱ्याला फार उपयोगी आहे, त्याला पातळी लावताना मोकळीक मिळते. ऐकणाऱ्याने हाय-रेझ घ्यावं ते त्याचा मास्टर चांगला असेल म्हणून.

८. ऐकण्याच्या वाटेवर काय गळतं ते बघा

लॉसलेस फाइल फोनवर आहे, पण हेडफोन ब्लूटूथचा आहे. मग फोन ती फाइल उलगडतो आणि हवेतून पाठवायला एसबीसी, एएसी किंवा तशाच कशात तरी पुन्हा दाबतो. एसबीसीचा नेहमीचा सर्वोत्तम दर साधारण ३२८ केबीपीएस आहे. एलडॅक हा तसाच दुसरा कोडेक ९९० पर्यंत जातो, पण सिग्नल कमजोर झाला की खाली उतरतो. चालताना, प्रवासात हे चालून जातं. फॉरमॅटची परीक्षा घेताना मात्र वायर लावा.

विंडोज सगळे आवाज एकत्र करून एका ठरलेल्या सॅम्पल रेटवर आणतं, बहुधा ४८ किलोहर्ट्झवर. फूबारमध्ये वासापीचा (विंडोजची आवाज बाहेर पाठवायची एक वाट) एक्सक्लुझिव्ह पर्याय निवडला की फाइल जशीच्या तशी बाहेर जाते. खरं सांगायचं तर या फरकाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते साउंडच्या सेटिंगमधल्या "एन्हान्समेंट", "सराउंड", "बेस बूस्ट"च्या खुणांनी. फोनमध्येही इक्वलायझर कुठेतरी चालू राहिलेला असतो. सगळं बंद करून मग ऐका.

आणि स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात कोंबलेले असतील तर ते आधी बाहेर ओढा. खर्ज घुमायचा थांबतो. एवढा फरक कुठलाच फॉरमॅट पाडत नाही.

९. प्रती ठेवा

फ्लॅकमध्ये मूळ आवाजाची एमडी५ नावाची खूणगाठ फाइलीतच बांधलेली असते. फूबारमधून "व्हेरिफाय इंटिग्रिटी" चालवलं की प्रत्येक फाइल त्या खुणेशी ताडली जाते आणि एखादा बिट जरी हलला असेल तरी कळतं. मी दर सहा महिन्यांनी चालवते. दोन डिस्कवर प्रती ठेवा, त्यातली एक कॉम्प्युटरला जोडलेली नको. घरी लिहिलेल्या सीडीवर बॅकअप ठेवून विसंबू नका, त्यांतला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो.

फोल्डरच्या नावात आवृत्तीचं वर्ष लिहा, अल्बमचं नाही. "१९८७ची सीडी", "२०११ रीमास्टर" असं. दोन वर्षांनी एकाच अल्बमच्या तीन प्रती समोर आल्या की चांगली कोणती ते शोधायला पुन्हा ऑडॅसिटी उघडावी लागणार नाही. आणि फाइली तपासून, ताडून, दोन्हीकडे पोचल्याची खात्री झाली तरी मूळ सीडी देऊन टाकू नका. खोक्यात भरून कोरड्या जागी ठेवा.